‘तुम्ही बायकाच ठरवा’ असं साहेब म्हणतात तेव्हा

वाचकाचं पत्र (नावं बदलली आहेत, मजकूर थोडक्यात):

मी पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीतल्या कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या अंतर्गत समितीची सदस्यही. आमच्याकडे 140 बायका काम करतात. स्टोअरमध्ये सात वर्षं पुरुष म्हणून नोकरी केलेली एक व्यक्ती पुढच्या महिन्यापासून बाई म्हणून कामावर येणार आहे. स्वतःचं नाव समिधा सांगते. व्यवस्थापनाने आम्हाला बोलावून सांगितलं, ‘टॉयलेट आणि चेंजिंग रूमचं तुम्ही बायकाच ठरवा, आम्ही मध्ये पडत नाही.’ त्यावर 83 जणींनी सह्या करून पत्र दिलंय की आमच्या चेंजिंग रूममध्ये नको. तीच चेंजिंग रूम आम्ही चार वर्षं भांडून मिळवली होती. कोणी म्हणतं, इंग्लंडच्या कोर्टाने असल्यांना बाई मानायचं नाही असा निकाल दिलाय. कोणी म्हणतं, उद्या युनियनमधली बायकांची जागाही जाईल. उद्या कोणाला त्रास झाला तर तक्रार कुठे करायची, हेही कोणाला माहीत नाही. मी वीस वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते. समिधाशी माझं वैर नाही, पण या बायकांची भीती खोटी आहे असंही मला म्हणवत नाही. मी नक्की काय करू? – सुनंदा

उत्तर:

सुनंदाताई, सगळ्यात आधी तुमच्या खांद्यावर टाकलेलं ओझं परत करा. ‘तुम्ही बायकाच ठरवा’ हे वाक्य ऐकायला मानाचं वाटतं, पण तुम्ही चार वर्षं चेंजिंग रूम मागत होतात तेव्हा हे असं कोणी म्हणालं नव्हतं. सोयी पुरवणं आणि भेदभाव होऊ न देणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. ती बायकांच्या मतदानावर सोडली की दोन गोष्टी होतात. निर्णय चुकला तर दोष बायकांच्या माथी येतो, आणि जिच्याबद्दल मतदान झालं ती उद्या कोर्टात गेली तर उत्तर मात्र कंपनीलाच द्यावं लागतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे अंतर्गत समितीच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र: हा निर्णय व्यवस्थापनाने घ्यायचा आहे, समिती सूचना देईल, आणि त्यासाठी आम्हाला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत.

त्या गोष्टी कोणत्या, हे कायद्यातच आहे. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा 2019 चं कलम 9 म्हणतं की कोणत्याही आस्थापनेने नोकरीच्या बाबतीत, भरती आणि बढतीसकट, ट्रान्सजेंडर व्यक्तीशी भेदभाव करायचा नाही. कलम 11 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत एक तक्रार अधिकारी नेमलेला हवा. 2020 च्या नियमांनुसार समान संधी धोरण लिहून ते वेबसाइटवर किंवा ठळक जागी लावायचं असतं. त्या धोरणात काय असावं हेही नियमांनी सांगितलंय: कोणालाही वापरता येईल अशा टॉयलेटसारख्या सोयी, ने-आण आणि सुरक्षा, स्वच्छतेचं साहित्य, सेवाशर्ती, कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची गोपनीयता, आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती. तक्रार आल्यावर त्या अधिकाऱ्याने 15 दिवसांत चौकशी करायची आणि अहवालानंतर आस्थापना प्रमुखाने 15 दिवसांत कारवाई करायची. बहुतेक कारखान्यांत हा अधिकारी कागदावरही नसतो. तुमच्याकडे आहे का, एवढं विचारलंत तरी ‘आम्ही मध्ये पडत नाही’ ही भाषा बदलेल.

आता टॉयलेट. इथे आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण खरं भांडण बहुतेक वेळा इथेच लपलेलं असतं. कारखान्यांसाठीचा जुना हिशेब दर 25 महिलांमागे एक संडास असा आहे. 140 बायकांना सहा लागतात. तुमच्याकडे सहा असतीलही, पण जाऊन मोजा: किती चालू आहेत, किती दारांना आतून कडी लागते, किती ठिकाणी पाणी येतं, कुठल्या दाराला भोक पडलंय. सहापैकी दोन बंद असले की एका संडासामागे 35 जणी होतात आणि अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीत रांग लागते. अशा रांगेत नवीन कोणीही आलं तरी वाद होणारच, आणि ती नवीन व्यक्ती समिधा असली तर सगळा राग तिच्यावर निघणार. जिथे दार नीट लागतं, वर-खाली फट नाही, आत कोण आहे याचं शेजारच्या दाराआडच्या बाईला काही घेणंदेणं नाही, तिथे हा वाद फारसा उभा राहत नाही. मुंबईत 2011 च्या सुमारास बायकांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ म्हणून मुताऱ्यांसाठी मोहीम चालवली, तेव्हाही मागणी हीच होती: पुरेशी, स्वच्छ, फुकट, सुरक्षित जागा. तुमची आत्ताची मागणी तिचंच पुढचं पाऊल आहे, असं समजून बायकांपुढे मांडा.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या अटींविषयीची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यात पुरुष, महिला आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र शौचालयांची सोय करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि न्हाणीघरं व लॉकर रूमबद्दलही तसंच म्हटलं आहे. तुमचं व्यवस्थापन हे वाचेल तेव्हा मोह होईल तो असा: गेटजवळच्या वॉचमनच्या संडासावर एक पाटी ठोकायची आणि समिधाला ‘तुझं ते’ म्हणून सांगायचं. हे करू देऊ नका. गेटपर्यंत जाऊन यायला तिची अर्धी सुट्टी जाईल, पाटीमुळे कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ती कोण हे कळेल, आणि गोपनीयतेची जबाबदारी तिथेच मोडली जाईल. अपंगांसाठीचं एकमेव टॉयलेट उचलून तिला देणं हाही उपाय नाही. एकाचा हक्क काढून दुसऱ्याला दिला की तिसरं भांडण सुरू होतं.

आमच्या मते तुमच्यासारख्या ठिकाणी चालण्यासारखी व्यवस्था अशी आहे. शॉप फ्लोअरला लागून एक-दोन संपूर्ण बंदिस्त, एका माणसाचे संडास बांधावेत, आतच बेसिन, आतून कडी, दारावर फक्त ‘शौचालय’. ते कोणीही वापरावेत: समिधाने, गुडघेदुखीने कमोडच लागणाऱ्या बाईने, पाळीच्या दिवसांत जरा जास्त वेळ हवा असलेल्या मुलीने. ते वापरण्याची समिधाला सक्ती नको आणि महिलांचे सहाच्या सहा संडासही दुरुस्त झाले पाहिजेत. कामाला येण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत समिधासारख्या अनेक जणी स्वतःहून एकट्याचा संडासच पसंत करतात. त्यांनाही नजरांची भीती असतेच. संहितेतल्या शब्दांची पूर्तता होते, कोणाला वेगळं पाडलं जात नाही, आणि रांगही कमी होते.

चेंजिंग रूमचा मामला वेगळा आहे आणि बायकांचा आक्षेप तिथे जास्त समजण्यासारखा आहे. एका उघड्या खोलीत, लॉकरसमोर उभं राहून कपडे बदलायचे, तर अनेक जणींना दुसऱ्या बाईसमोरही संकोच वाटतो. लग्न ठरलेली मुलगी, ऑपरेशनची खूण असलेली बाई, नुकतीच बाळंत झालेली, या सगळ्या आजही भिंतीकडे तोंड करूनच बदलत असतील. तेव्हा बाई कोण आणि कोण नाही या चर्चेत न शिरता आत कप्पे करून घ्या. ॲल्युमिनियम किंवा प्लायचं पार्टिशन, साधारण साडेतीन फूट बाय साडेतीन फूट, जमिनीपासून सात फुटांपर्यंत, वर हवा-उजेडासाठी मोकळं. पडदा नको, दारच हवं. पडदे महिनाभरात फाटतात किंवा कोणीतरी घाईत सरकवतं. आत दोन खुंट्या आणि एक छोटं बाक.

किती कप्पे लागतील याचा हिशेब सोपा आहे. एका बाईला तीन मिनिटं धरली तर शिफ्ट बदलाच्या पंधरा मिनिटांत एका कप्प्यातून पाच जणी जातात. एका वेळी 45 जणी खोलीत येत असतील आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्शाला आडोसा हवा असेल, तर तीन कप्पे पुरतात. दोनच केलेत तर रांग लागेल, आणि मग ‘तिच्यामुळे उशीर होतो’ असं सुरू होईल. पाच-सात दिवसांत होणारं हे काम आहे. समिधा यायच्या आधी पूर्ण व्हायला हवं. नंतर झालं तर सगळ्या बायकांच्या मनात ते ‘तिच्यासाठी केलेलं’ म्हणून राहील.

खोलीचे नियमही त्याच वेळी लावा, पण सगळ्यांसाठी. मोबाइल लॉकरमध्ये, फोटो नाही, व्हिडिओ कॉल नाही, कपडे बदलायचे ते कप्प्यात, कोणाच्या शरीरावर शेरे नाहीत. हेच नियम एकट्या समिधाला बोलावून सांगितलेत तर तो भेदभाव होतो. भिंतीवर लावलेत तर ती शिस्त होते. आणि ज्या बायका विचारतात ‘उद्या कोणी बाईचं सोंग घेऊन आत शिरला तर?’ त्यांना स्पष्ट सांगा की समिधाला परवानगी मिळाल्याने गुन्ह्याची व्याख्या बदलत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 प्रमाणे कपडे बदलणाऱ्या किंवा शौचाला गेलेल्या बाईकडे चोरून बघणं, चित्रण करणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी किमान एक वर्ष ते तीन वर्षं शिक्षा. जुन्या कलमात तो फक्त पुरुषाने केलेला गुन्हा होता. नव्या कलमात ‘जो कोणी’ आहे. शिवाय समिधा रस्त्यावरून आलेली अनोळखी व्यक्ती नाही. सात वर्षांचं तिचं रेकॉर्ड आहे. तिच्याविरुद्ध या काळात एकही तक्रार नसेल तर तेही बायकांना माहीत असू द्या, आणि असेल तर ती ओळखीच्या प्रश्नापासून वेगळी काढून तपासा.

यातूनच तक्रारीचा मुद्दा येतो. समितीचे लोक इथे फार गोंधळतात. समजा उद्या एखाद्या बाईला समिधाच्या वागण्याचा लैंगिक त्रास झाला. तिला तुमच्याकडे येता येईल का? येईल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात, म्हणजे पॉश कायद्यात, तक्रारदार महिला असावी लागते. जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती पुरुषच असली पाहिजे असं कुठेही नाही. 2020 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच लिंगाच्या व्यक्तीविरुद्धची तक्रारही चालते असं म्हटलं आहे. म्हणजे समिधाला बाई मानलं म्हणून कोणाचं तक्रारीचं दार बंद होत नाही. मुदती नेहमीच्याच: घटनेपासून तीन महिने, कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, चौकशी 90 दिवसांत. मात्र ‘ती आत आली’ ही तक्रार होत नाही. काय केलं, कधी, कुठे, कोणासमोर, हे तिथेही लागतं.

उलट बाजूनेही तयारी ठेवा. अनुभव असा आहे की बदलाच्या पहिल्या वर्षात त्रास देणारे बहुधा पुरुष सहकारी असतात: स्टोअरच्या खिडकीतून शेरे, मुद्दाम जुन्या नावाने हाक, ‘ऑपरेशन झालं का’ हा प्रश्न, अंगाला हात. समिधाची अशी तक्रार तुमच्या समितीने घ्यायची की तक्रार अधिकाऱ्याने? पॉश कायद्यात ‘पीडित महिला’ हा शब्द आहे आणि ट्रान्स स्त्रीचं, म्हणजे समिधासारखीचं, नाव त्यात वेगळं घातलेलं नाही. पण कोर्टांची दिशा पाहा. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’त ट्रान्स स्त्री येते असं म्हटलं, मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रिया झालेल्या ट्रान्स स्त्रीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागता येते असं म्हटलं. तेव्हा वाट पाहू नका. कंपनीच्या धोरणात एक वाक्य घाला: ट्रान्स महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी अंतर्गत समिती ऐकेल, आणि नाव, सोयी, बढती, शिफ्ट अशा भेदभावाच्या तक्रारी कलम 11 चा अधिकारी ऐकेल. हे वाक्य नसलं की दोघंही तक्रार एकमेकांकडे टोलवतात आणि मुदत निघून जाते. समितीतल्या बाहेरच्या सदस्यालाही हे वाक्य आधी दाखवा.

इंग्लंडच्या निकालाबद्दल. निकाल खरा आहे. 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्यांच्या 2010 च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून घ्यायचा. पण तो त्यांच्या एका कायद्यातल्या शब्दाचा अर्थ आहे, आणि त्याच निकालात ट्रान्स व्यक्तींना त्या कायद्याचं भेदभावाविरुद्धचं संरक्षण कायम आहे हेही सांगितलंय. व्हॉट्सॲपवर पहिलं अर्धं फिरतं, दुसरं गळतं. आपल्याकडे चौकट आली ती 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालातून, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ऑक्टोबर 2025 मध्ये याच न्यायालयाने ओळखीमुळे नोकरी गमावलेल्या एका ट्रान्स शिक्षिकेला भरपाई मंजूर केली आणि 2019 चा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना सुनावलं. तुमच्या कंपनीच्या वकिलाने आधी हे वाचावं, मग इंग्लंड.

युनियनच्या जागेचा प्रश्न मात्र आम्ही हलक्याने घेणार नाही. आरक्षित जागा मोजक्याच असतात, आणि मोजक्या गोष्टीवर दोन वंचितांचा दावा आला की ओढाताण खरी असते. यावर आपल्याच भागातले निर्णय एका दिशेचे नाहीत. मध्य प्रदेशात कटनीच्या तृतीयपंथी महापौर कमला जान महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आल्या होत्या. कोर्टाने त्यांची निवड रद्द केली, कारण कायद्याने त्या पुरुष ठरल्या. नालसा निकालाच्या आधीची ती गोष्ट. जानेवारी 2021 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेवर अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीचा अर्ज अधिकाऱ्याने नाकारला, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. आपण कायम बाई म्हणूनच राहणार, सोयीप्रमाणे ओळख बदलणार नाही, हे त्यांचं म्हणणं कोर्टाने त्यात महत्त्वाचं मानलं. त्या निवडूनही आल्या.

युनियनमध्ये तुमची घटना काय म्हणते ते पाहा. ‘महिला सदस्य’ एवढंच लिहिलं असेल आणि समिधाचं नाव सदस्य नोंदीत महिला म्हणून असेल, तर तिचा अर्ज नाकारणं टिकणं कठीण. आम्हाला शहाणपणाचं वाटतं ते असं की महिलांच्या जागा आहेत तेवढ्याच ठेवून कार्यकारिणीत एक जादा जागा वाढवण्याचा ठराव आणावा. तिथेही समिधाला कोणत्या जागेवर उभं राहायचं हे तिने ठरवावं. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 1 टक्का समांतर आरक्षण दिलं. स्वतःचा वाटा असला की दुसऱ्याच्या वाट्यावरून होणारं भांडण आपोआप मऊ होतं. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: महिलांच्या जागा आजवर खाल्ल्या त्या नवऱ्यांनी, सासऱ्यांनी आणि ‘सरपंच पतीं’नी. तुमच्या कार्यकारिणीतल्या महिलांच्या जागांवर कोणाच्या सांगण्यावरून हात वर होतात, ते एकदा त्या 83 जणींना विचारून बघा.

महिला दिनाच्या सामन्यांचंही कोणीतरी काढेल. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने 2023 पासून पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स महिलांना महिला गटात बंदी केली आहे, कारण उंची, हाडं, स्नायू यांचा फायदा वरच्या पातळीवर सेकंदांत मोजता येतो. तो युक्तिवाद बिनबुडाचा नाही. कारखान्याच्या बॉक्स क्रिकेटला तो लावायची गरज नाही. कबड्डीत अंगाला अंग भिडतं आणि वजनाचा फरक लागतो, तिथे वजनगट करा किंवा मिश्र संघ करा.

बायकांशी बोलायचं कसं? सभागृहात 140 जणींना एकत्र बसवू नका. तिथे मोठ्या आवाजाच्या चार जणी बोलतात आणि बाकीच्या मान हलवतात. पंधरा-वीस जणींचे गट करा, कामाच्या वेळेत, पगारी, प्रत्येकी पाऊण तास. समिधा तिथे नसावी. तिला उभं करून प्रश्न विचारणं म्हणजे तमाशा. हात वर करून मत घेणं नाही. प्रत्येकीला चिठ्ठी द्या आणि नाव न लिहिता एकच भीती लिहायला सांगा. चिठ्ठ्या उघडल्यात की बऱ्याचशा कडी, भोक, रांग, मोबाइल यांच्याच असतील; त्यांची उत्तरं लगेच देता येतात. काही ‘माझ्या नवऱ्याला कळलं तर नोकरी सोडायला लावेल’ अशा असतील. त्या बाईला उपदेश करू नका, तिला कप्प्याची आणि एकट्याच्या संडासाची सोय दाखवा, म्हणजे तिच्याकडे घरी सांगायला काहीतरी असेल. काही चिठ्ठ्या निव्वळ ऐकीव असतील, सिग्नलवरच्या टाळीपासून मुलं पळवण्यापर्यंत. तिथे थोडं थांबून सांगा की 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ म्हणून नोंदलेल्या सुमारे 4.88 लाख लोकांत साक्षरता 56 टक्क्यांच्या आसपास होती, देशाची 74 टक्के. शाळेतून हुसकलं, घरातून काढलं, नोकरी दिली नाही, तर उरतं काय? समिधाने सात वर्षं स्टोअरचा हिशेब सांभाळला आहे. ती नोकरी टिकवायला बघते आहे. आणि ‘यांना सगळे हक्क मिळतात, आम्हाला नाही’ असं कोणी म्हणालंच, तर 2019 चा कायदा झाला तेव्हाची तरतूद सांगा: ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, आणि त्याच वेळी बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं.

समिधाशी तुम्ही एकटीने बोला, एचआरच्या केबिनमध्ये नको. तीन गोष्टी विचारा: कोणत्या नावाने हाक मारायची आणि कोणत्या तारखेपासून, टॉयलेट आणि कपड्यांबाबत तिला स्वतःला काय सोयीचं वाटतं, कोणाला किती सांगायचं. शस्त्रक्रिया, औषधं, लग्न हे विषय काढू नका, बायकांनी विचारायला सांगितलं असलं तरी. सह्यांचं पत्र आहे हे तिच्यापासून लपवू नका, कारण तिला ते कळणारच, पण त्यावरची नावं तिला दाखवू नका. रात्रपाळीचंही बोलून घ्या. संध्याकाळी 7 नंतर आणि सकाळी 6 आधी महिलांना कामाला लावायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. समिधाची शिफ्ट आणि बस त्याच नियमाने लागावी.

नावाच्या कागदपत्रांत एक चूक हमखास होते, ती टाळा. एचआर उत्साहाने आधी पगारपत्रकातलं नाव बदलतं. आधार जुन्या नावाचं, पीएफ नव्या नावाचं, पॅन तिसरंच, आणि मग पीएफ काढायच्या वेळी दावा फेटाळला जातो. क्रम असा ठेवा: आय-कार्ड, हजेरीचा बोर्ड, कॅन्टीन आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांवर पहिल्या दिवसापासून ‘समिधा’; पगार, पीएफ, विमा यांत मात्र कागदोपत्री नाव तसंच, जोवर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध होत नाही. त्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक, आणि शेवटी मालक व कर्मचाऱ्याच्या संयुक्त अर्जाने पीएफ. ट्रान्सजेंडर ओळख प्रमाणपत्र कसं मिळतं यावर देशात वाद आणि बदल होत राहिले आहेत, म्हणून त्याचा अर्ज भरायचा त्या दिवशीचा नियम समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयातून विचारून घ्यावा. पण आय-कार्डावरच्या हाकेच्या नावासाठी ते प्रमाणपत्र मागायचं कारण नाही.

आता ते 83 सह्यांचं पत्र. ते फाइलमध्ये दाबू नका आणि त्यातल्या बायकांना मागासही म्हणू नका. आठवड्याच्या आत व्यवस्थापनाच्या सहीने लेखी उत्तर द्यायला लावा. त्यात चार गोष्टी तारखेसकट असाव्यात: बंद पडलेले संडास दुरुस्त, एकट्याच्या संडासाचं काम सुरू, चेंजिंग रूममध्ये तीन कप्पे, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन. पाचवी ओळ अशी: कोणत्याही कर्मचाऱ्याला केवळ तिच्या ओळखीवरून महिलांच्या सोयींपासून अडवता येणार नाही, गैरवर्तनाची तक्रार मात्र कोणाविरुद्धही, कोणत्याही दिवशी घेतली जाईल. उत्तर नोटीस बोर्डावर लावताना समिधाचं नाव त्यात कुठेही येऊ देऊ नका. कप्प्यांचं काम तिच्या येण्याच्या तारखेआधी होत नसेल, तर पहिले काही दिवस कपडे बदलण्यासाठी सगळ्यांनाच शिफ्टच्या आधी-नंतर पाच-पाच मिनिटांची जादा मुभा मागून घ्या, आणि तीही लेखी.